एकट्या घोड्याला सोबत कुणाची?

(आमच्या सांगलीच्या दुकानातून चंदी, नाल, लगाम नेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी)

"घोडा गव्हाणीचं लाकूड दातात धरून हवा गिळतो. गळ्याला आवळायचा पट्टा आहे का?" लग्नसराई संपली की हा प्रश्न ठरलेला. पट्टा आहे. पण काढून देण्याआधी आम्ही विचारतो, घोडा एकटाच बांधता का? बहुतेकांचं उत्तर 'हो' असतं.

वरातीचा घोडा सीझनभर माणसांत, बँडच्या दणदणाटात असतो. नंतर पत्र्याच्या शेडात तो आणि त्याचा खुंटा. घोडा कळपातला जीव. उभ्या उभ्या तो डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि राखणीला कुणी नाही असं वाटलं की तो आडवा होत नाही. मग पेंगता पेंगता पुढच्या पायांत कोसळतो. गुडघ्यांवर सारखं खरचटलेलं दिसलं तर मलम लावा, पण तो रात्री आडवा होतो का तेही बघा.

सगळ्यात चांगली सोबत दुसऱ्या घोड्याचीच. वय झालेली शांत घोडी किंवा खच्ची केलेला घोडा उत्तम. तुमचा घोडा खच्ची नसेल तर शेजारी घोडी बांधून डोकेदुखी ओढवून घेऊ नका. खर्च मात्र दुप्पट होतो, चाऱ्याचा आणि नालांचाही.

गाढव स्वस्त पडतं आणि घोड्याशी जमवूनही घेतं. पण त्याच्या फुप्फुसातले जंत घोड्याला लागतात, गाढवाला मात्र खोकलासुद्धा येत नाही. आणण्याआधी जंताचं औषध द्या आणि ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. ही तपासणी नवा घोडा आणतानाही हवीच. हा रोग माणसालाही होतो आणि त्यात सापडलेलं जनावर मारावं लागतं.

आपल्याकडे जमण्यासारखी सोबत शेळीची. जत-आटपाडीकडे धनगरांचं तट्टू शेळ्या-मेंढरांतच वावरतं, तेव्हा यात नवल काही नाही. शेळीचे बहुतेक जंत घोड्याला लागत नाहीत. बिनशिंगी शेळी घ्या, उस्मानाबादी माद्यांत अशा बऱ्याच मिळतात. तासगावकडच्या एका गिऱ्हाइकाची शेळी थेट गव्हाणीत चढून बसते आणि घोडी तिच्या पोटाखालचा कडबा हळूच ओढून खाते. शेपटीचे केस मात्र शेळीने कुरतडलेत. वरातीचा घोडा असेल तर ही तयारी ठेवा.

गोठ्यात म्हैस आहेच, तर आज फक्त खुंटा तिच्या नजरेच्या टप्प्यात हलवा. त्याला पैसे पडत नाहीत. शिंगं पोचणार नाहीत इतकं अंतर राखा.

आता खाद्याचं, कारण घात इथंच होतो. कोंबड्यांच्या आणि काही शेळ्या-गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते थोडंसं पोटात गेलं तरी घोड्याचं हृदय निकामी होतं. उलट घोड्याची चंदी शेळीने भरपेट खाल्ली तर तिचं पोट बिघडून ती दगावते. मेंढी पाळणार असाल तर घोड्याचं क्षारमिश्रण तिला चाटू देऊ नका. त्यातलं तांबं तिला सोसत नाही. चंदी तोबऱ्यातूनच द्या, म्हणजे वाटणीचा प्रश्न येत नाही.

नवं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, मग मध्ये कुंपण ठेवून ओळख होऊ द्या. कान मागे पाडून घोडा धावून जात असेल तर घाई नको. शेळीला घोड्याजवळ लांब दोराने बांधू नका, दोर पायात गुंततो.

शेळ्या शक्यतो दोन घ्या. शेळीलाही शेळी लागते, आणि बकरी ईदला एक विकली तरी घोड्याजवळ दुसरी राहते. दोन्ही एकदम विकल्या की तो रात्रभर खिंकाळतो, हे आम्ही ऐकलंय.

पट्टा हवाच असेल तर घोड्याच्या गळ्याचं माप घेऊन या. येताना शेळीच्या खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलाचा फोटोही आणा. त्यात काय आहे ते वाचून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.