अतिसंवाहक चुंबकाचा शत्रू घरातलाच

एमआरआय यंत्रातला चुंबक रात्रीही बंद नसतो. दिवे मालवले तरी वेटोळ्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह फिरत राहतो, आणि बहुतेक यंत्रांत त्या वेटोळ्याला वीजपुरवठा जोडलेलाच नसतो. प्रवाह एकदा भरायचा, टोकं जुळवायची, पुरवठा काढून घ्यायचा. तार अतिसंवाहक असते, म्हणजे पुरेशी थंड ठेवली की तिला विद्युतरोधच नसतो, म्हणून प्रवाह वर्षानुवर्षं टिकतो. वीज लागते ती थंडाव्यासाठी.

१९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला भौतिकशास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ऑनेस यांना ४.२ केल्विनच्या (उणे २६९ अंश सेल्सिअस) आसपास पाऱ्याचा रोध नाहीसा होताना दिसला. शक्तिशाली चुंबक करायचं त्यांनी लगेच मनावर घेतलं. पण शिशाच्या तारेचं वेटोळं अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रातच साध्या तारेसारखं वागू लागलं. अतिसंवाहकता मोडत होतं ते चुंबकीय क्षेत्रच!

तोडगा निघायला पन्नास वर्षं गेली. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत नायोबियम आणि कथिलाच्या संयुगाने ८.८ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रातही प्रचंड प्रवाह पेलला. (रुग्णालयातला १.५ टेस्लाचा चुंबकही पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असतो.) अशा पदार्थांत क्षेत्र बारीक तंतूंच्या रूपाने आत शिरतं, उरलेला भाग अतिसंवाहकच राहतो. तंतू सरकले की ऊर्जा वाया जाते, म्हणून त्यांना अडकवावं लागतं, आणि ते काम करतात स्फटिकातले दोष. निर्दोष स्फटिक इथे कुचकामी. मला या विषयातली सगळ्यात गमतीची गोष्ट हीच वाटते.

आज सर्वाधिक वापर नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचा. तिचे केसाहून बारीक धागे तांब्यात बसवलेले असतात. एखादी जागा जराशी तापली की तिथे रोध परततो, रोधामुळे उष्णता, उष्णतेने शेजारचा भागही बाद. याला ‘क्वेंच’ म्हणतात. त्या क्षणी प्रवाहाला वाट देतं ते तांबं. चुंबक थंड ठेवणारं द्रवरूप हेलियम मात्र उकळून शेकडो पट फुगतं. म्हणूनच एमआरआयच्या खोलीतून इमारतीबाहेर जाणारी नळी असते. सप्टेंबर २००८ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या महाकाय त्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) दोन चुंबकांमधला एक सदोष जोड वितळला, कित्येक टन हेलियम बाहेर पडलं, अवजड चुंबक जागचे हलले. त्वरक पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला.

आता बेरियम-तांबं-ऑक्साइड घराण्यातल्या अतिसंवाहक पट्ट्या आल्या आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत त्यांच्यापासून केलेल्या मोठ्या चुंबकाने, संलयन-भट्टीच्या (अणुकेंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या भट्टीच्या) तयारीत, २० टेस्ला गाठले. या पट्ट्यांत क्वेंच सहसा होत नाही. झालाच तर इतका सावकाश पसरतो की वेटोळ्याच्या टोकांशी केलेल्या मोजणीत सुगावा लागेपर्यंत तापलेली जागा जळून गेलेली असू शकते.