पाण्यात वल्हं, चिखलात पाऊल

चिखलणी केलेल्या भातखाचरात एक पाय उपसायला गेलं की दुसरा आणखी रुततो. वजन तेवढंच राहतं, टेकायची जागा मात्र निम्मी होते. 70 किलोच्या माणसाचा एक तळवा साधारण 200 चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर 350 ग्रॅम भार येतो. आता कॅनडात बनणाऱ्या ‘आर्गो’सारखी आठ चाकांची, जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी छोटी गाडी घ्या. माणसांसकट वजन समजा 650 किलो. दोन्ही बाजूंच्या चाकांवर 45 सेंटिमीटर रुंदीचा रबरी पट्टा चढवला आणि त्याचा 1.8 मीटर भाग जमिनीला टेकला, तर भार पसरतो 16,200 चौरस सेंटिमीटरवर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 40 ग्रॅम. माणूस गुडघाभर रुतेल तिथून ही गाडी सहज निघून जाते.

आपल्याकडे पोकलेनला जी लोखंडी चेन असते, तिचाच हा हलका भाऊ. हौशी लोक तो घरच्या शेडमध्ये कन्व्हेयर बेल्ट कापून, त्यावर आडव्या दांड्या बोल्टने आवळून बनवतात. पण गाडी रुतू न देणं हे पट्ट्याचं अर्धंच काम झालं. पाण्यात उतरल्यावर वल्ह्याचं कामही त्यालाच करावं लागतं, आणि खरी कसोटी तिथे लागते.

हा प्रश्न सगळ्यांत जिद्दीने सोडवला तो फ्लोरिडातल्या डोनाल्ड रोब्लिंग यांनी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग यांचे हे नातू. चक्रीवादळानंतर फ्लोरिडाच्या दलदलीत अडकलेल्यांपर्यंत होडीही पोचत नसे आणि ट्रकही. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये ‘अ‍ॅलिगेटर’ बांधली. 1935 मधली पहिली गाडी साडेसहा टनांची होती. जमिनीवर ती ताशी 40 किलोमीटर पळे, पाण्यात मात्र 3.7. माणसाच्या चालीपेक्षाही कमी!

रोब्लिंग यांनी इंजिन वाढवण्याच्या नादी न लागता पट्टाच बदलला, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. सरळ आडव्या दांड्या पाणी कापत जातात आणि पट्ट्याच्या टोकाच्या वळणावर येताना ते वर उधळतात. ती ताकद वाया जाते. त्यांनी दांड्या तिरप्या आणि वक्र केल्या. ओंजळीने पाणी मागे लोटावं तसं त्या पाणी धरून मागे ढकलू लागल्या. पट्ट्याखालची जड आधारचाकं काढून त्यांनी साखळीतच रोलर बसवले. अ‍ॅल्युमिनियमचं अंग आणखी हलकं केलं. 1937 पर्यंत गाडी चार टनांच्या आत आली आणि पाण्यातला वेग झाला ताशी 13.8 किलोमीटर. जमिनीवरचा वेग 30 च्या आसपास उतरला, पण तो सौदा फायद्याचाच होता. याच गाडीवरून पुढे अमेरिकी मरीन्सची एलव्हीटी, म्हणजे सैनिकांना पाण्यातून थेट किनाऱ्यावर नेणारी पट्टेवाली गाडी, तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर 1943 मध्ये, पॅसिफिक महासागरातल्या तारावा बेटाच्या प्रवाळखडकांवर नेहमीच्या होड्या अडल्या, तेव्हा किनाऱ्यापर्यंत पोचल्या त्या या पट्टेवाल्या गाड्या.

वजनाचा पाण्यातल्या वेगाशी इतका संबंध का? पट्ट्याचा खालचा भाग पाणी मागे लोटतो, त्याच वेळी वरचा भाग पुढे धावत असतो. तोही बुडाला तर तो पाणी पुढे ओढतो आणि खालच्याची मेहनत खाऊन टाकतो. म्हणून वरचा भाग पाण्याबाहेर हवा, नाहीतर झाकलेला तरी. गाडी जड झाली की ती खोल बसते आणि नेमका तोच भाग पाण्यात जातो.

त्यामुळे दांड्या कशाच्या करायच्या, हा प्रश्न मोठा ठरतो. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट घन. एचडीपीई, म्हणजे आपल्या शेतातल्या काळ्या पाइपाचं प्लॅस्टिक, पाण्यापेक्षा किंचित हलकं. त्याच्या दांड्या बुडाल्या की स्वतःचं वजन स्वतःच तोलतात. ते गुळगुळीतही असतं, त्यामुळे चिखल फारसा धरत नाही. पट्टा सलग रुंद न ठेवता मध्ये फट सोडून दोन-तीन अरुंद पट्टे जोडले, तर आत शिरलेला गाळ खाली पडतो. नाहीतर तो टायर आणि पट्ट्यामध्ये दाबून बसतो आणि पट्टा तुटेस्तोवर ताणतो. पट्टा सैल ठेवला तर गाडी वळताना तो टायरवरून उतरतो. फार आवळला तर बेअरिंग खातो.

मात्र नवशिक्याचं लक्ष जात नाही ते टायरमधल्या हवेकडे. या गाड्यांत एका बाजूची सगळी चाकं साखळ्यांनी जोडलेली असतात, म्हणून ती एकाच गतीने फिरतात. पट्टाही एकच. समजा एका टायरची त्रिज्या 28 सेंटिमीटर आणि शेजारच्याची हवा कमी असल्याने 2 मिलिमीटरने कमी. दर फेऱ्याला साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि किलोमीटरभरात तो सात मीटर होतो. तेवढं अंतर कुठलं तरी चाक पट्ट्यावर घासतच जातं. इंजिनाची ताकद उष्णतेत जाते आणि साखळी ताणली जाते. म्हणून बेल्टला सुरी लावण्याआधी आठही टायरना फीत गुंडाळून घेर मोजायचा, हवा कमी-जास्त करत आकडे जुळवायचे आणि मगच पट्ट्याच्या लांबीची खूण करायची.