जिनिंगचा मजूर विम्याबाहेर राहिला, त्याची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावतीकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या लागतात. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रापाशी दिवसभर बारीक तंतू उडत असतात. तोंडाला रुमाल बांधून माणसं काम करतात, तरी खोकला लागतोच. आजारपणात घरी बसलं की रोज बुडतो, आणि बुडालेला रोज कुठूनही भरून मिळत नाही. आरोग्य विम्यावरून आज जे राजकारण चाललं आहे, ते समजून घ्यायला मी याच मजुरापासून सुरुवात करतो, कारण त्याला बाहेर ठेवण्याचं काम कायद्याने केलं आहे.

१९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेवर भोर समितीने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहता कामा नये, ही त्यातली मूळ भूमिका. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची, त्यातून कामगाराला, आणि पुढे त्याच्या घरच्यांनाही, औषधपाणी मिळायचं. शिवाय कामगार आजारी असताना बुडालेल्या पगाराचा काही भाग हातात यायचा. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झालेली ही योजना १९५४ मध्ये नागपुरात आली, तेव्हा एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांतल्या कामगाराच्या हाती विम्याचं कार्ड आलं.

पण त्या गिरणीला रुई पुरवणाऱ्या जिनिंगच्या मजुराला ते मिळालं नाही. कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन घातलेलं होतं. साखर, चहा, लाख, नीळही त्याच यादीत. शेतमजूर आणि सालगडी तर कारखान्याच्या व्याख्येतच बसत नव्हते. ज्या मुलखाचं सगळं अर्थकारण कापसावर उभं, तिथे या एका व्याख्येने कष्टकऱ्यांचा फार मोठा भाग बाहेर राहिला. विदर्भातल्या विम्याच्या गोष्टीत मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि विम्यावरच्या भाषणांत तो क्वचितच येतो.

ही उणीव भरून काढण्याचा एक वेगळा प्रयत्न वर्धा जिल्ह्यातच झाला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला. सुगी झाली की घरोघरची ज्वारी गोळा व्हायची. भूमिहीनाने थोडी द्यायची, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त. त्या बदल्यात रुग्णालयात मोफत किंवा सवलतीत उपचार. गावातली बहुतेक गरीब घरं आल्याशिवाय गाव योजनेत घेत नसत. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यायचं आणि गरजेपुरतं प्रत्येकाने घ्यायचं, हा व्यवहार गावकऱ्यांना समजावून सांगावा लागला नाही. खळ्यावरच्या वाट्याची त्यांना सवय होतीच. पुढे सोयाबीन आलं आणि शेतातून ज्वारीच कमी होत गेली.

सरकारी पातळीवर गरिबांसाठी मोठं पाऊल पडायला २००८ उजाडलं. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं. मग २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यात गडचिरोली आणि अमरावती होते. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर दीड लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले आणि हप्ता सरकार भरू लागलं. सरकार बदललं, २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि जुलै २०२४ पासून राज्यात कार्डाचा रंग न पाहता पाच लाखांचं संरक्षण लागू झालं. हे मोठं काम आहे. हृदयाची शस्त्रक्रिया जमीन न विकता झालेली घरं आज गावोगाव आहेत.

तरीही ही योजना पैसे देते ते रुग्णालयाला, ठरलेल्या उपचारासाठी. रोजच्या खोकल्याचं औषध, नागपूरला ‘मेडिकल’पर्यंत, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत, जाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज घरातूनच जातो. गिरणी कामगाराला १९५४ पासून मिळणारे आजारपणातले पैसे या योजनेत कधीच नव्हते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण गेले. मेलेल्यांत मजूरही होते. शेतकरी अपघात विम्यासाठी सातबाऱ्याचा आधार लागतो, आणि दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीला बांधणाऱ्याकडे सातबारा नसतो. सरकारने मृतांच्या घरच्यांना दोन लाखांची मदत वेगळी जाहीर केली. हीच अपघात योजना २०२३ मध्ये राज्याने विमा कंपन्यांकडून काढून घेतली. कंपन्या दावे रखडवतात, क्षुल्लक त्रुटी काढतात, ही त्यामागची तक्रार होती. आता सरकार अनुदान थेट देतं. कंपनीला हप्ता द्यायचा की माणसाला पैसे, या वादात राज्याने निदान एका ठिकाणी बाजू घेतली, आणि ती बरोबर घेतली असं मला वाटतं.

जुलै २०२४ मध्ये नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी विमा हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढावा, असं पत्र अर्थमंत्र्यांना लिहिलं. त्यामागे नागपूर विभागातल्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचं निवेदन होतं. विरोधकांनी संसदेच्या आवारात आंदोलन केलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा हा कर गेला. हप्ता भरणाऱ्या मध्यमवर्गाला त्याचा उपयोग झाला. जिनिंगच्या मजुराने असा हप्ता कधी भरलेलाच नव्हता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. हंगामी कारखान्यांना वगळणारी तरतूद नव्या संहितेतही आहे, आणि त्यांच्या व्याख्येत पहिलं नाव आजही कापसाच्या जिनिंगचंच आहे. त्या दिवशी विदर्भातली जिनिंगं सुरू होती.