मागचं धूसर नेमकं कशामुळे होतं?

मोठा सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) घेतला की फोटोतलं मागचं आपोआप धूसर होतं, असा समज आहे. दिसायला तसंच दिसतं, पण कारण वेगळं आहे. धूसरपणा ठरतो लेन्सच्या छिद्रावर, म्हणजे ॲपर्चरवर. सेन्सरमुळे एवढंच ठरतं, की हवी ती चौकट मिळवायला कुठली लेन्स लावायची आणि किती लांब उभं राहायचं.

फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिमीमधला आकडा; तो जितका मोठा, तितकं दृश्य जवळ ओढलेलं) एफ-नंबरने, म्हणजे एफ/२ मधल्या २ ने, भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिमी लेन्स एफ/२ वर असेल तर २५ मिमी. चेहऱ्यावर फोकस केला, की खूप दूरचा एखादा दिवा चेहऱ्याच्या मापाने बरोबर २५ मिमीची चकती होऊन दिसतो. चेहरा १५ सेंमी रुंद धरला तर त्याच्या एक षष्ठांश. या हिशेबात सेन्सर कुठेच नाही.

तो येतो मागच्या दाराने. फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवर (३६×२४ मिमी) ५० मिमीची लेन्स जेवढं दृश्य घेते, साधारण तेवढंच मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरवर (१७.३×१३ मिमी) घ्यायला २५ मिमीची लागते. एफ/२ तोच, पण छिद्र १२.५ मिमी, चकती निम्मी. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ७ मिमीच्या आसपास. एफ/१.८ वर छिद्र ४ मिमीसुद्धा भरत नाही. म्हणून पोर्ट्रेट मोडमध्ये धूसरपणा सॉफ्टवेअर रंगवतं, आणि भुरभुरते केस किंवा चष्म्याची काडी यांच्यापाशी फसतं.

आता गंमत बघा. तीच ५० मिमी लेन्स, तोच एफ/२, माणूस २ मीटरवर. फुल फ्रेमवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे मिळून जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो, सुमारे १९ सेंमी. जागा न सोडता तीच लेन्स एपीएस-सी बॉडीवर (फुल फ्रेमहून दीडपट लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) लावली तर १३ सेंमी, म्हणजे कमीच! लहान सेन्सरचं चित्र त्याच आकाराच्या प्रिंटसाठी दीडपट जास्त मोठं करावं लागतं, त्यामुळे अस्पष्टताही मोठी होते. पण चौकट सारखी ठेवायला ३ मीटरवर सरकलात, की तीच डेप्थ २९ सेंमी होते. ‘लहान सेन्सर, जास्त डेप्थ’ हा अनुभव या पाऊलभर मागे जाण्यातून येतो.

बॉडी बदलण्याआधी माणसाला भिंतीपासून पुढे आणा. माणूस २ मीटरवर आणि भिंत त्याच्या अर्धा मीटर मागे असेल, तर फुल फ्रेमवर ५० मिमी एफ/२ नेही चकती जेमतेम ५ मिमी. मागचं सगळं माणसापासून ६ मीटर लांब गेलं, तर मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमी एफ/२ नेच ती ९ मिमीच्या वर जाते. भिंतीला टेकवून उभं केलेल्या माणसामागे महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

उलट बाजूही आहे. घरगुती समारंभात दोन रांगांचा फोटो काढताना १९ सेंमी पुरत नाहीत; मागची रांग मऊ येते. फुल फ्रेमवर एफ/४ केलं, म्हणजे छिद्र निम्मं केलं, की डेप्थ मायक्रो फोर थर्ड्सच्या एफ/२ एवढी मिळते. मात्र शटरचा वेळ तोच ठेवायचा तर आयएसओ (चित्र किती उजळवायचं तो आकडा) ४०० चा १६०० करावा लागतो, आणि कमी उजेडातला मोठ्या सेन्सरचा फायदा जवळजवळ तिथेच खर्च होतो.