कमिंग्जचा चेंडू खरंच वळायचा

बेसबॉलमधला कर्व्हबॉल, म्हणजे हवेतच वळणारा चेंडू, हा निव्वळ दृष्टिभ्रम, असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. १९४१ साली अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाने तर छायाचित्रं छापून तसंच सुचवलं होतं. कर्व्हबॉलचा जनक मानल्या जाणाऱ्या कँडी कमिंग्जवर हा मोठा अन्याय आहे.

१८४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वेअर गावी जन्मलेला हा काटकुळा पिचर (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा खेळाडू), वजन जेमतेम ५५ किलो. १८६३ मध्ये ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर पोरांबरोबर शिंपले भिरकावताना ते हवेत वळतात हे त्याने पाहिलं, आणि चेंडूही असा वळेल का, या विचाराने त्याला झपाटलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू कमरेखालूनच टाकावा लागे, त्यामुळे सगळी करामत बोटांत आणि मनगटात. १८६७ साली हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात चेंडू वळला, असं त्यानेच पुढे सांगितलं.

आता खरी मजा. फिरणारा चेंडू आपल्या पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर सोबत ओढतो. ज्या बाजूचा पृष्ठभाग मागे सरकत असतो, तिथे समोरून येणारी हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या बाजूला ती लवकर सुटते. परिणामी चेंडूमागची हवा एका अंगाला ढकलली जाते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने चेंडू उलट अंगाला सरकतो. चेंडूवरच्या उठावदार शिवणीमुळे ही पकड आणखी वाढते. 'दोन्हीकडची हवा एकाच वेळी मागे पोचायला हवी, म्हणून एकीकडची वेगाने धावते' हे अनेक ठिकाणी छापलेलं स्पष्टीकरण साफ चूक आहे. हवेवर तसं काही बंधन नसतं. या परिणामाला जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नसचं नाव मिळालं, पण टेनिसच्या चेंडूबद्दल न्यूटनने १६७२ मध्येच लिहिलं होतं. लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेत सरकतो तोही यामुळेच. वेगवान गोलंदाजाच्या स्विंगचं कारण मात्र वेगळं, तिथे कलती शिवण काम करते.

कमिंग्जने १८७२ ते १८७७ या सहाच वर्षांत न्यू यॉर्क, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, हार्टफर्ड, सिनसिनाटी अशा संघांतून व्यावसायिक खेळ केला. १८७६ मध्ये तर एकाच दिवशी दोन पूर्ण सामने टाकून दोन्ही जिंकले. फ्रेड गोल्डस्मिथ हा दुसरा पिचर मात्र कर्व्हबॉलचं श्रेय शेवटपर्यंत स्वतःकडे मागत राहिला. कमिंग्ज १९२४ मध्ये वारला, १९३९ मध्ये त्याला बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम' या मानाच्या यादीत स्थान मिळालं. आणि १९५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लायमन ब्रिग्ज यांनी वातबोगद्यात फिरते चेंडू सोडून वळण मोजलं: जास्तीत जास्त सुमारे साडेसतरा इंच.