एकच खार, कुणाला तिखट, कुणाला खारट

बेळगावच्या बेकरीत काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. एकीत पापुद्रे सुटलेली खारी, चहात बुडवायची. शेजारच्या बरणीत जाडसर गोल बिस्किटं, आणि नीट पाहिलं तर त्यांत हिरव्या मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता दिसतो. हे 'खारा बिस्किट'. पुण्या-साताऱ्याकडचा पाहुणा नावावरून ते खारट असणार असं धरून चालतो, एक अख्खं तोंडात टाकतो आणि मग पाणी मागतो.

कन्नडमध्ये 'खार' म्हणजे तिखट. शब्दाच्या शेवटचा 'अ' कन्नड माणूस पूर्ण उच्चारतो, म्हणून मराठी कानाला तो 'खारा' ऐकू येतो. खानावळीत कुणी 'खारा भाळ ब्याड' म्हणालं तर त्याला मिरची कमी हवी असते. मिठाबद्दल तो काहीच बोललेला नसतो, मिठाला तो 'उप्पु' म्हणेल. संकेश्वरी मिरची कुटून जी लाल पूड होते तिला मराठी घरात तिखट किंवा चटणी म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात ती 'खारद पुडी'. इकडे मराठीत मात्र खारे दाणे, खारा वारा, खारफुटी, खारट आमटी असं सगळं मिठाकडे झुकलेलं. एका गल्लीत राहणाऱ्या दोन भाषांनी एकच शब्द घेतला आणि त्याला दोन वेगळ्या चवी लावल्या.

गंमत अशी की मुळात हा शब्द तिखटाचाही नव्हता आणि मिठाचाही नव्हता. तो होता राखेचा.

त्याची खूण आपल्याच स्वयंपाकघरात आहे. उन्हाळ्यात उडदाचे पापड करायला बसलं की 'पापडखार' लागतो. तो नुसता चाखला तर मिठासारखा लागत नाही, साबणासारखा बुळबुळीत आणि जिभेला चावणारा लागतो. त्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट असतं. त्याने पीठ चिवट होतं, पातळ लाटता येतं आणि तळताना पापड फुलतो. हात सैल सुटून जास्त पडला तर पापड तळल्यावर लालसर होतो, कारण अशा द्रव्याच्या संगतीत पिठातली प्रथिनं आणि साखर तापल्यावर फार लवकर रंग धरतात. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात जवखार, सज्जीखार, टाकणखारही मिळतात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. जवखार जवाची झाडं जाळून काढायचा, त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. यातलं एकही कुणी आमटीत मीठ म्हणून घालणार नाही. म्हणजे बोलीभाषेत खार खारट झाला तरी या जोडशब्दांत त्याचा जुना अर्थ शाबूत राहिला आहे. (झाडावरची खार यात ओढायची नाही, तिचं कूळ वेगळं. आणि एखाद्यावर 'खार खातो' त्यातला खार फारसी आहे, त्याचा अर्थ काटा.)

चुलीतली राख पाण्यात कालवून ते पाणी गाळलं तर बोटांना तुळतुळीत लागतं. राखेतले कार्बोनेट कातडीवरच्या तेलकटपणाचा किंचित साबण करतात, म्हणून तसं लागतं आणि म्हणूनच राखेने भांडी स्वच्छ निघतात. हे पाणी आटवलं की तळाशी पांढरट पूड उरते. तोच क्षार, 'खार' हे त्याचंच बोलीतलं रूप. जगभर माणसांनी तो असाच मिळवला. अरबांनी अशा राखेला 'अल्-कली' म्हटलं, त्यावरून इंग्रजीत अल्कली आलं आणि मराठी पाठ्यपुस्तकातलं 'अल्क'ही. युरोपात मडक्यात आटवलेली राख म्हणून 'पॉट-अ‍ॅश' म्हणत, त्यातून पोटॅश. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये दाहक पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने नवा धातू वेगळा केला, त्याचं नाव पोटॅशियम पडलं. त्याची रासायनिक खूण 'के' आहे ती 'कॅलियम'वरून, आणि कॅलियम पुन्हा त्याच अरबी 'कली'वरून.

आता सुश्रुताकडे यावं लागतं, कारण खारट-तिखटाच्या या भांडणाचा निकाल माझ्या मते तिथे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय संपूर्ण क्षार करण्यावर आहे. आघाडा, पळस अशा वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात घोळून गाळायची, मग त्यात भाजलेली चुनखडी आणि शिंपले घालून आटवायचं. आजच्या रसायनशास्त्रात सांगायचं तर चुन्यामुळे राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड होतं, म्हणजे साध्या खाराचा मांस जाळणारा दाहक खार. तो लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा, हेही सांगितलं आहे, आणि ते बरोबरच आहे: लोखंड अशा खाराला चांगलं टिकतं. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये भारतीय रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना या कृतीची आवर्जून दखल घेतली. शस्त्राने कापण्याऐवजी मोड, चामखीळ, भगंदर अशा ठिकाणी हा खार वापरत.

नावाची फोड सुश्रुत 'क्षर्' आणि 'क्षण्' या धातूंवरून करतो. एकात झिरपणं, झिजवून वाहून नेणं आहे, दुसऱ्यात नाश करणं. चवीबद्दल मात्र तो फार नेमकं बोलतो. आंबट सोडून बाकी सगळे रस क्षारात आहेत, त्यांत मुख्य कटू आणि मागून जाणवणारा, म्हणजे अनुरस, लवण. इथे मराठी वाचकाने अडखळू नये. आयुर्वेदातला 'कटू' म्हणजे आपलं कडू नव्हे. सुंठ, मिरी, पिंपळी यांना त्रिकटू म्हणतात, आणि यातलं काही कडू नाही, सगळं झणझणीत आहे. आपल्या कडूला तिकडे 'तिक्त' म्हणतात.

म्हणजे आधी तिखट, मागून खारट. कन्नडने पहिली चव उचलली, मराठीने मागची. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण शब्दाच्या पोटात दोन्ही चवी होत्या हे त्या एका वाक्यावरून दिसतं. तेव्हा इकडे मिरची नव्हतीच. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि मिरी-सुंठीच्या तिखटपणासाठी असलेला शब्द तिने बळकावला.

राखेच्या खाराला झणझणीत म्हणणं हा वैद्यांचा नुसता कल्पनाविलास नव्हता. तिखट ही जिभेच्या दृष्टीने चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. हेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं, त्यामुळे मेंदूला निरोप जातो तो भाजल्याचा. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ मध्ये शोधून काढलं आणि २०२१ मध्ये आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. पुढे असं दिसलं की अमोनियासारख्या अल्कधर्मी द्रव्यांनीही हा दरवाजा उघडतो. मिरची आणि खार, दोघांची तक्रार मेंदूकडे जाते त्या वाटांतली एक सामायिक आहे. खारटपणाची वाट निराळी, तिथे सोडियमचे आयन चवीच्या पेशींत थेट शिरतात.

बेळगाव सोडून बाहेर पडलं तर हा शब्द आणखी रूपं दाखवतो. प्राकृतात 'क्ष'चे दोन फाटे फुटले, ख आणि छ. एका फाट्यावर खार, दुसऱ्यावर पालीतलं 'छारिका' आणि हिंदीतलं 'छार'. दोन्हींचा अर्थ सरळ राख. आसामात केळीची सालं वाळवून जाळतात, राखेतून पाणी गाळतात आणि त्या पाण्यात भाजी शिजवतात. त्या पाण्यालाही आणि त्या पदार्थालाही 'खार'च म्हणतात, आणि आसामी लोक स्वतःला कौतुकाने 'खारखोवा', खार खाणारे, म्हणवतात. तेलुगूत 'कारम्' म्हणजे तिखटाची पूड. मल्याळममध्ये तिखटाला 'एरिव्' आहे, त्यामुळे 'कारम्' सोड्याकडेच राहिला: खायचा सोडा तो 'अप्पक्कारम्'. सगळ्यात मजेशीर तमिळ, तिथे 'कारम्' म्हणजे तिखटही आणि शाळेच्या पुस्तकात आम्लाच्या समोर उभा असतो तोही. तमिळमध्ये तिखटपणाला 'कार्प्पु' असा शब्दही आहे, तेव्हा दक्षिणेत संस्कृताचा क्षार आणि तिथला शब्द एकमेकांत मिसळले असावेत. कन्नडच्या 'खार'मधला महाप्राण 'ख' मात्र उत्तरेकडून आल्याचं स्पष्ट सांगतो, मूळ द्राविडी शब्दांत तो सापडत नाही.

शाळेत हा गोंधळ परीक्षेच्या मार्कांपर्यंत येतो. महाराष्ट्राच्या मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. कन्नड पुस्तकात तयार होतं ते 'लवण', आणि 'क्षार' म्हणजे आम्लाशी झगडणारा अल्कली. एका भाषेतलं उत्तर दुसरीत प्रश्नाच्या बाजूला बसलेलं. सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे कन्नड वर्गात गेलेल्या पोराला शिक्षकाने हे आधीच सांगितलं तर बरं. सुश्रुताला विचाराल तर तो कन्नड पुस्तकाच्या बाजूने उभा राहील: त्याच्याकडे क्षाराने भाजलं तर उतारा म्हणून आंबट द्रव्य लावतात.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या ऊसपट्ट्यात हाच प्रश्न पैशाचा होतो. कृष्णा-घटप्रभेच्या पाण्यावर वर्षानुवर्षं पाट सोडून रानं पांढरी पडली, त्यांना मराठी शेतकरी 'क्षारपड' म्हणतो. कन्नड शेतकरी 'सवळु-जवळु' म्हणतो: सवळु खारवलेली, जवळु पाणी साचून चिबडलेली. या रानांचे आजार दोन. विद्राव्य मिठं साठून विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रतिमीटरच्या वर गेली पण सामू (पीएच) ८.५ च्या आत राहिला, तर जमीन क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर आणि मातीला चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं, तर ती चोपण. पहिलीला चर काढून, गोडं पाणी देऊन मिठं धुऊन काढावी लागतात. तिथे जिप्सम टाकून पैसा वाया जातो. दुसरीला जिप्समच लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं. कन्नड माहितीपत्रकात 'क्षारीय मण्णु' लिहिलेलं असेल तर ती ही दुसरी, अल्कधर्मी. मराठी क्षारयुक्त समजून जिप्समची पोती परत पाठवू नयेत. माती परीक्षणाच्या कागदावर सामू आणि वाहकता हे दोन आकडे दोन्ही भाषांत सारखेच असतात.