फिरतो, पण सुटत नाही : सस्पेन्शनच्या जाम बोल्टमागचे विज्ञान

विहिरीतला पंप वर काढण्याची वेळ आली की पाइपांच्या फ्लँजचे नट पान्याला दाद देत नाहीत आणि शेवटी हॅक्सॉ ब्लेड हाती घ्यावी लागते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तिथे नट हलतच नाही, त्यामुळे तो जाम झाला आहे हे लगेच कळते. मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधला, म्हणजे चाके सांगाड्याला जोडून धक्के सोसणाऱ्या रचनेतला बोल्ट मात्र जाम झालेला असूनही फिरतो आणि त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते.

गेल्या वैशाखात छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये हे मी अगदी जवळून पाहिले. माझ्या एका स्नेह्यांनी मुंबईहून दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार आणली होती. ती अनेक वर्षे समुद्राजवळच्या इमारतीखाली उभी असे. तिचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी भाग, बदलायचे होते. खालच्या आर्मच्या बोल्टचा नट सहज निघाला. मग फिटरने पान्याला लांब पाइप लावून बोल्ट ओढला, तसा तो जवळजवळ चतुर्थांश फेरा फिरला आणि आम्हाला हायसे वाटले. पाना सोडताच बोल्ट हळूहळू मागे येऊन पूर्वीच्या जागी थांबला. फिटरने तेव्हा बोल्टच्या टोकावर आणि त्याच्याभोवतीच्या नळीच्या कडेवर मिळून खडूची एक रेघ मारली आणि पुन्हा पाना ओढला. रेघ तुटली नाही, म्हणजे बोल्ट आणि नळी दोन्ही मिळून फिरत होते.

हे समजण्यासाठी बुशची रचना पाहावी लागेल. चाकाला धरून ठेवणारा आर्म गाडीच्या सांगाड्याला ज्या ठिकाणी जोडलेला असतो, तिथे एकात एक असे तीन थर असतात : आर्ममध्ये दाबून बसवलेले पोलादी कडे, त्याच्या आत चिकटवलेले रबर आणि रबराच्या मधोमध पोलादी नळी. बोल्ट या नळीतून जातो आणि नट आवळला की ब्रॅकेटच्या दोन पाती नळीला दोन्ही टोकांनी काही टनांच्या जोराने चिमटून धरतात. चाक खालीवर होते तेव्हा बोल्ट फिरत नाही आणि नळीही फिरत नाही. फक्त रबर पिळले जाते आणि परत उलगडते. अर्थात नट निघाल्यावर बोल्ट नळीत अडकलेला असेल, तर पान्याने लावलेला सगळा पीळ रबरात साठतो आणि पाना सोडला की रबर तो परत देते.

हा त्रास कोणत्याही गाडीला होतो, पण स्पोर्ट्स कारला अधिक होतो, कारण चाक रस्त्याला नेमक्या कोनात टेकलेले राहावे म्हणून तिच्या सस्पेन्शनमध्ये सांधे जास्त ठेवलेले असतात. १९८९ साली बाजारात आलेल्या माझ्दा एमएक्स-५ या गाडीच्या चारही चाकांना दुहेरी आर्मची रचना आहे आणि खालच्या आर्मचे बोल्ट विकेंद्री, म्हणजे भोक मध्यापासून बाजूला असलेल्या, चकत्यांचे आहेत. ते थोडे फिरवून चाकाचा कल आणि दिशा जुळवता येते. असा बोल्ट जाम झाला की चाकाचे अलाइनमेंटही अशक्य होते आणि गाडी विकत घेण्याचा मूळ हेतूच मागे पडतो.

आता प्रश्न असा की, जिथे हवासुद्धा नीट पोहोचत नाही अशा नळीच्या आतच गंज इतका का धरतो? लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकतो. पण ज्या भागाला प्राणवायू कमी मिळतो तोच भाग आधी झिजतो, ही गोष्ट सहसा शिकवली जात नाही. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी ती मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने दाखवून दिली. स्वच्छ पोलादी पत्र्यावर असा थेंब ठेवला, तर थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते आणि मध्यभागी कमी मिळते. त्यामुळे एक इवलासा विद्युतघट तयार होतो. मध्यभागीचे लोखंड विरघळू लागते, कड सुरक्षित राहते आणि दोन्हींच्या मधे गंजाचे वर्तुळ उमटते. घरी हा प्रयोग एका संध्याकाळी करता येतो. बोल्ट आणि नळी यांच्यामधली बारीक फट म्हणजे अशाच थेंबाचा लांबट मध्यभाग होय. समुद्राकाठचे खारे बाष्प किंवा थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ त्या फटीत शिरले की पाण्याची वीजवहनाची क्षमता वाढते आणि झीज वेगाने होते.

मराठवाड्याची हवा कोरडी आहे, त्यामुळे इथे गाड्या मुळीच गंजत नाहीत असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि एकदा आर्मच्या खोबणीत जाऊन बसली की पावसानंतर कितीतरी दिवस ओलीच राहते. तिच्याखालच्या पोलादाला प्राणवायू कमी मिळतो आणि थेंबाच्या मध्यभागाची स्थिती तिथेही तयार होते. त्यातच बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने गाडी धुण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. गाडी खालून धुतलीच पाहिजे, पण साध्या गोड्या पाण्याने, आणि धुतल्यावर ती लगेच झाकून न ठेवता चालवून वाळवली पाहिजे.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट असते आणि पाणी धरलेल्या गंजाचे तर त्याहूनही बरेच अधिक. बंद फटीत त्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून तो बोल्टला चहूबाजूंनी दाबून धरतो. या पकडीचा अंदाज एका लहान हिशेबाने येतो. समजा, बोल्टचा व्यास १२ मिलिमीटर आणि नळीची लांबी ६० मिलिमीटर आहे, तर दोघांच्या स्पर्शाचे क्षेत्रफळ सुमारे २,२६० चौरस मिलिमीटर होते. गंजाची पकड प्रत्येक चौरस मिलिमीटरला फक्त ५ न्यूटन मानली, तरी बोल्ट सरळ ठोकून बाहेर काढायला सुमारे ११,३०० न्यूटन बल लागेल. हे अकराशे किलोहून अधिक वजन झाले. एखादी लहान दोन आसनी गाडी त्या बोल्टला टांगली तरी तो जागचा हलणार नाही. हाच बोल्ट ओढण्याऐवजी फिरवला, तर तीच पकड मध्यापासून फक्त ६ मिलिमीटर अंतरावर काम करते, म्हणजे ६८ न्यूटन मीटर एवढा पीळ पुरतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला त्यासाठी साधारण साडेअकरा किलोचा जोर लागतो. पाण्याने भरलेली घागर उचलण्याइतकाच तो आहे.

मला या सगळ्या विषयातला हा हिशेब सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घणाचे घाव घालून आर्म आणि ब्रॅकेट वाकवणाऱ्या कारागिराला तो थांबवू शकतो. ठोकण्यापेक्षा फिरवणे कितीतरी सोपे आहे. शिवाय बोल्ट एकदा नळीत फिरू लागला की घर्षणाची दिशा फिरण्याच्या विरुद्ध वळते आणि त्याच वेळी तो बाहेर ओढायला फारच थोडे बल पुरते. बाटलीचे घट्ट बूच आपण पिरगाळत काढतो, त्याचे कारण हेच आहे. अडचण एवढीच की फिरवण्यासाठी नळी कोणीतरी धरून ठेवायला हवी आणि रबर ती धरत नाही. हवेवर चालणारी इम्पॅक्ट गनही इथे अपुरी पडते, कारण तिच्या प्रत्येक झटक्याचा बराचसा भाग रबर गिळून टाकते.

म्हणून नळीची कड रबराबाहेर चार-पाच मिलिमीटर डोकावत असेल, तर ती ग्रिप प्लायरने घट्ट धरून बोल्ट फिरवून पाहणे हा पहिला उपाय. फिरवताना एकाच दिशेने जोर लावत राहू नये. थोडे आवळावे, थोडे सैल करावे, म्हणजे ठिसूळ गंजाचा भुगा होतो. जोराला मर्यादाही आहे. पीळ सोसण्याची बोल्टची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे गंजाने व्यास १० टक्के झिजला असेल, तर ही ताकद २७ टक्क्यांनी कमी झालेली असते.

झिरपणाऱ्या तेलाने काम सोपे होते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. पातळ तेल केशाकर्षणाने बारीक फटीत ओढले जाते, अगदी गुरुत्वाच्या विरुद्धही. मात्र ते गंज विरघळवत नाही, फक्त त्याच्या सच्छिद्र थरात शिरून घर्षण कमी करते. डब्ल्यूडी-४० हे सर्वांच्या ओळखीचे द्रव्य १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो इथे पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणून त्याला ते नाव मिळाले. जाम नटासाठी खास बनवलेली तेले अधिक उपयोगी पडतात. आपल्याकडचे फिटर डिझेल वापरतात, तेही पातळ असल्याने काही प्रमाणात चालते. परंतु बुश बदलायचा नसेल तर डिझेल किंवा खनिज तेल रबराला लागू देऊ नये, नैसर्गिक रबर त्याने फुगते आणि मऊ पडते.

उष्णतेचा उपाय नट अडला असेल तेव्हा उत्तम आहे. १२ मिलिमीटरचा पोलादी नट भोवतालापेक्षा ३०० अंश सेल्सिअसने तापवला, तर त्याचे भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. गंजाचा थर तडकायला तेवढे पुरते, फक्त आतला बोल्ट तापायच्या आत पाना लागला पाहिजे. नळीच्या बाबतीत तिच्याभोवती रबर असल्यामुळे ज्योत सरळ पोहोचत नाही आणि दोनशे अंशांच्या पुढे रबर मऊ पडून जळू लागते. त्याचा धूर विषारी असतो. तापवलेला बोल्ट परत वापरू नये, कारण १०.९ प्रतीच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टला त्याची ताकद उष्णतासंस्कारातून मिळालेली असते आणि लाल होईपर्यंत तापवल्यावर ती निघून जाते. आर्म अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ज्योत जवळही नेऊ नये. अ‍ॅल्युमिनियम लाल न होता एकदम वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी कमकुवत झालेले असते. शॉक अब्सॉर्बरमध्ये दाबाखालचा वायू असतो, जवळ ब्रेकचे होज आणि इंधनाची नळी असते, यांचे भान सुटले तर जिवाशी खेळ होतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणे हाही तसाच प्रकार आहे. घोड्या, म्हणजे गाडीचे वजन पेलणारे पक्के आधार, लावल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

हे सगळे करून बोल्ट हलला नाही, तर तो कापावा. त्यात कमीपणा नाही. ब्रॅकेटची पात आणि नळीचे टोक यांच्यामधल्या फटीतून ब्लेड घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला की आर्म खाली उतरतो आणि उरलेला तुकडा बुशसह प्रेसखाली काढता येतो. आमच्या गाडीचे आठ बोल्ट होते. दोन दिवस तेल सोडून पाच निघाले, तीन कापले. बुशचे बाहेरचे कडेही आर्ममध्ये गंजून बसले होते. लेथवाल्याने रबर काढून त्या कड्याला आतून हॅक्सॉ ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर पाडली. कडे अखंड असते तोवर आर्मचा दाब त्याला गोलाकार आवळून धरतो. चीर पडताच तो ताण सुटतो आणि कडे हलक्या ठोक्यांनी बाहेर येते. चीर आर्मपर्यंत जाऊ द्यायची नाही, एवढे कौशल्य त्यात आहे.

नवे बुश बसवताना मराठवाड्याचा उन्हाळा उपयोगी पडला. बुश रात्रभर डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवले होते आणि आर्म दुपारच्या उन्हात पत्र्यावर तापत होता. बाहेर ४० अंश तापमान धरले, तरी ४० मिलिमीटर व्यासाचे पोलादी कडे ५८ अंशांच्या फरकाने जवळजवळ ०.०३ मिलिमीटरने आकसते, आणि उन्हात तापलेल्या आर्मचे भोक तेवढ्यात थोडे मोठे झालेले असते. दाबून बसवायच्या भागांत एवढा फरक पुष्कळ असतो. प्रेसचा दांडा अडखळला नाही.

नव्या बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला गंजरोधक लेप लावावा, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत करावी लागत नाही. आट्यांना मात्र कंपनीने सांगितल्याशिवाय लेप लावू नये. ढोबळ हिशेबाने आवळताना लावलेल्या पिळापैकी निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्यासाठी उरतो. आटे निसरडे झाले की टॉर्क रेंचवर, म्हणजे पीळ मोजून आवळणाऱ्या पान्यावर, तोच आकडा ठेवूनही बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. नळीची टोके आणि ब्रॅकेटच्या पाती यांवर तेलाचा थेंबही नको, कारण नळीला जागेवर धरणारी पकड तिथेच असते.

शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर असतानाच झाले पाहिजे, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. आर्म ३५ सेंटिमीटर लांब असेल आणि गाडी उचलल्यावर त्याचे टोक ९ सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर तो १५ अंशांनी झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबर १५ अंशांचा पीळ घेऊन बसते, उभ्या गाडीतही तो तसाच राहतो आणि खड्ड्यांत त्यात भर पडून नवे बुश लवकर फाटते. आमच्या फिटरने चारही चाकांखाली लाकडी ठोकळे दिले, गाडी दोनदा दाबून सोडली, आणि मग खाली सरपटत जाऊन एकेक बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर त्याने पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत आणली तेव्हा आठही रेघा सरळ होत्या.